माजूर कोणाला म्हणावे?

उर्दूत अपंग माणसाला 'माजूर' म्हणतात. हा शब्द 'उज्र' या अरबी शब्दापासून आला आहे. उज्र म्हणजे सबब, अडचण. ज्याची सबब मान्य झाली, ज्याला माफी मिळाली, तो माजूर. मराठीतले 'अपंग' आणि 'विकलांग' हे शब्द शरीरात काय उणे आहे ते सांगतात. अलीकडे सरकारी कागदांवर आलेला 'दिव्यांग' हा शब्द गौरव करू पाहतो. 'माजूर' शरीराबद्दल काहीच बोलत नाही. इतरांनी त्या माणसाबद्दल काय ठरवले, एवढेच तो सांगतो : याला माफ आहे.

आम्ही जालना जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. हा शब्द पालकांच्या तोंडून, सहकाऱ्यांच्या तोंडून नेहमी ऐकतो. ऐकताना एकच प्रश्न पडतो. या मुलाला माफ आहे हे खरे, पण नेमके काय माफ आहे?

धर्मशास्त्रात या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून नमाज अदा करावी. बसता येत नसेल तर आडवे पडून, तेही जमत नसेल तर मानेच्या इशाऱ्याने. पाण्याने इजा होत असेल तर वुजूऐवजी तयम्मुम आहे. म्हणजे उभे राहणे माफ होते, वाकणे माफ होते, नमाज मात्र माफ होत नाही. माजूर माणसासाठी रीत बदलते, मूळ गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली जात नाही. जो मानेच्या इशाऱ्याने सजदा करतो त्याचा सजदा अर्धा आहे, असे कोणताही आलिम म्हणत नाही.

आमच्या शाळांत याच्या अगदी उलट घडते. विज्ञानाच्या तासाला टेबलाभोवती मुले गोळा होतात. अधू दृष्टीची मुलगी मागे बसून राहते. पोलिओने किंवा मेंदूच्या पक्षाघाताने हात नीट न चालणारा मुलगा बाकावरच असतो. ऐकू न येणारे मूल सर्वांच्या पाठी पाहत उभे राहते. कोणीतरी म्हणते, ''रहने देव सर, उससे नहीं होता.'' म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. त्यात मायाच असते. प्रयोग संपतो आणि शेजारच्या मुलाच्या वहीतून 'निरीक्षण' आणि 'अनुमान' उतरवून घेतले जाते. वही पूर्ण होते, गुण मिळतात, मूल पास होते. इथे प्रयोगाची रीत बदललेली नसते. प्रयोगच माफ झालेला असतो.

ही माफी शाळेच्या भिंतीआड थांबत नाही. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत दिव्यांग विद्यार्थ्यांना बऱ्याच सवलती आहेत. वाढीव वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. या सवलतींमुळे हजारो मुले परीक्षेला बसू शकली, त्यांचे मोल कमी लेखू नये. पण याच यादीत आणखी एक मुभा आहे. विज्ञान व तंत्रज्ञानाऐवजी 'शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र' हा विषय घेता येतो आणि गणिताऐवजी अंकगणित. वाढीव वेळ आणि विषयाची सूट या दोन्हींना आपण 'सवलत' हा एकच शब्द वापरतो. त्यांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. वाढीव वेळ मुलाला विज्ञानापर्यंत पोहोचवतो, विषयाची सूट त्याला विज्ञानापासून सोडवते. पहिली सवलत तयम्मुमसारखी आहे. दुसरी म्हणजे, तुला नमाजच नको, असे सांगणे आहे. काही मुलांना दुसऱ्या सवलतीची खरोखर गरज असते आणि ती असावी. परंतु खेड्यात बहुतेक वेळा ती मूल निवडत नाही, त्याच्या वतीने मोठी माणसे निवडतात. त्याच दिवशी त्या मुलासाठी अकरावीच्या विज्ञान शाखेची वाट अवघड होऊन बसते.

आंध्र प्रदेशातल्या मच्छलीपट्टणमजवळच्या खेड्यातला श्रीकांत बोल्ला हा शेतकऱ्याचा जन्मांध मुलगा. दहावीला उत्तम गुण असूनही पुढे विज्ञान घ्यायला त्याला मनाई झाली. तो न्यायालयात गेला, परवानगी मिळवली, पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकला आणि परत येऊन २०१२ साली त्याने उद्योग उभा केला. २०२४ मध्ये त्याच्यावर हिंदी चित्रपट आला आणि लोकांनी त्याच्या जिद्दीचे कौतुक केले. जिद्द आहेच. पण विज्ञान शिकण्यासाठी एका मुलाला कोर्टाची पायरी का चढावी लागली, हा प्रश्न चित्रपटगृहाबाहेर फारसा कोणी विचारला नाही.

कोणी म्हणेल, पुस्तकातून, ऐकून विज्ञान शिकता येते की. प्रयोगाचा एवढा आग्रह कशासाठी? या आक्षेपाचे उत्तर द्यायचे तर प्रयोग म्हणजे काय हे आधी पाहावे लागते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम याने 'किताब अल-मनाजिर' हा प्रकाशावरचा ग्रंथ लिहिला. अंधाऱ्या खोलीत छिद्रातून येणारा प्रकाश त्याने तपासला. टॉलेमीसारख्या थोर ग्रीक विद्वानाविषयी शंका मांडणारे वेगळे पुस्तकही त्याने लिहिले. त्याची भूमिका अशी की मोठ्या माणसाने लिहिले म्हणून ते खरे मानू नये, पडताळून पाहावे. हा पडताळा म्हणजेच प्रयोग. उस्तादाचा आदर राखूनही त्याचे म्हणणे लगेच मान्य न करण्याचा हक्क शागिर्दाला प्रयोगातून मिळतो. इतिहास ऐकून समजतो, कविता ऐकून भिडते. विज्ञान नुसते ऐकले तर ती दुसऱ्याने दिलेली खबर होते. ज्या मुलाच्या हाताला प्रयोग लागला नाही, त्याला आपण विज्ञान शिकवले नाही. आमच्यावर विश्वास ठेव, एवढेच त्याला सांगितले. अपंग माणसाला आयुष्यात आधीच पुष्कळ गोष्टी दुसऱ्याच्या भरवशावर कराव्या लागतात. ज्ञानही त्याने दुसऱ्याच्या भरवशावरच घ्यावे, ही सक्ती कशाला?

म्हणून हा दयेचा विषय नाही. खैरात देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क कोणाच्या मर्जीवर नसतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या नावातच हा शब्द आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्या कायद्यात एकवीस झाले. किमान चाळीस टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली, त्यांतल्या सुमारे १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहणाऱ्या होत्या. म्हणजे हा प्रश्न शहरातल्या खास शाळांपुरता नाही. तो भोकरदन, मंठा, घनसावंगीच्या गावातल्या शाळेत, तिसऱ्या बाकावर बसलेला आहे.

आता हे करायचे कसे? आमचा अनुभव असा की उपकरणांची यादी करण्याआधी आपल्या मातीकडे पाहावे. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथेच महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि त्यानंतर बियाण्याचा धंदा या भागात रुजला. इथल्या शेतकऱ्याच्या घरी 'उगवण क्षमता' हा शब्द लहान पोरालाही ठाऊक असतो. घरचे सोयाबीन पेरण्याआधी ती तपासून घ्या, असे कृषी खाते दर हंगामात सांगते. पद्धत सोपी आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवायचा. त्यावर सरसकट घेतलेले शंभर दाणे दहा-दहाच्या ओळींत मांडायचे. वरून दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची आणि ओल टिकवायची. आठवडाभरात उघडून चांगले मोड आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर बियाणे पेरणीयोग्य. कमी उगवले तर पेरताना प्रमाण वाढवावे लागते आणि फारच कमी असेल तर ते बियाणे पेरू नये.

या प्रयोगात डोळ्यांचे काम जवळजवळ नाही. दाणा बोटाला कळतो, मोड तर मटकी निवडणाऱ्या प्रत्येक हाताला ओळखू येतो. आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिला उजेड आणि अंधार यांपलीकडे फारसे दिसत नसे. वार्षिक परीक्षेनंतर एप्रिलमध्ये तिने घरच्या सोयाबीनवर ही तपासणी केली. ओळी सरळ राहाव्यात म्हणून गोणपाटावर सुतळीचे दोरे शिवून घेतले होते. तिच्या मोजणीत त्रेसष्ट दाणे उगवले. वडिलांना ते पटले नाही. बियाणे टपोरे होते, चमकदार होते, डोळ्यांना उत्तम दिसत होते. मुलीने वाद घातला नाही. ''अब्बा, तुम्हीच सौ दाने रखके देखो,'' म्हणाली. त्यांनी शंभर दाणे स्वतः लावले, एकसष्ट उगवले. जूनमध्ये त्यांनी पेरणीचे प्रमाण वाढवले. त्या घरात ती मुलगी पहिल्यांदा अशी काही बोलली की जिच्यावर चार एकरांचा निर्णय ठरला. तिने मागितलेली गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे. माझ्यावर विश्वास ठेवा, असे ती म्हणाली नाही. तपासून पाहा म्हणाली.

हाताने शिकण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद झाली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन होते. हस्तोद्योग हा शिक्षणाचा कणा असावा, ही नई तालीमची मांडणी त्या समितीने तपशिलात केली. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग मोठ्या कंपनीतले संशोधनाचे काम सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या अवर्षणग्रस्त गावी आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत नापास ठरलेली मुले तिथे वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजजोडणी करता करता विज्ञान शिकली. २००२ मध्ये एमआयटीच्या सहकार्याने त्याच खेड्यात फॅब लॅब उभी राहिली. पाबळने एक गोष्ट सिद्ध केली. ज्याला पुस्तक जमत नाही त्याला विज्ञान जमत नाही, हे खोटे आहे. त्याच्या शेजारी आपल्याला दुसरे वाक्य मांडायचे आहे. ज्याला डोळा, कान किंवा पाय साथ देत नाही त्याला प्रयोग जमत नाही, हेही खोटेच आहे.

थोडी उदाहरणे देतो, शिक्षकबांधवांना उपयोगी पडतील. विजेच्या मंडलात बल्बच्या जोडीला बझर लावावा. न दिसणाऱ्याला आवाज येतो, ऐकू न येणाऱ्याला उजेड दिसतो आणि बाकीच्यांना दोन्ही मिळतात. आम्ल आणि आम्लारी ओळखायला लिटमसचा रंगच पाहिजे असे नाही. चिरलेल्या कांद्यासोबत रात्रभर बंद पिशवीत ठेवलेल्या फडक्याला कांद्याचा वास लागतो. तो फडका आम्लात भिजवला तर वास राहतो, तीव्र आम्लारीत भिजवला तर जातो. हे द्रव कातडीला लागू देऊ नयेत, फडका धुऊन मगच नाकाजवळ न्यावा. द्रव मोजायला सुई नसलेली सिरिंज घ्यावी आणि दांड्यावर ठरलेल्या मापाला खाच पाडावी, बोटाला माप कळते. ध्वनी म्हणजे कंपन, हे बहिऱ्या मुलाला फुगवलेला फुगा हातात धरून इतरांपेक्षा लवकर उमगते. टेबल उंच असेल तर सतरंजी अंथरून प्रयोग जमिनीवर करावा. आमच्या बऱ्याच शाळांत प्रयोगशाळा नाही, सगळेच जमिनीवर बसतात. या एका बाबतीत गरिबीने आम्हाला समतेच्या जवळ नेऊन ठेवले आहे.

भाषेचा अडसर मात्र खरा आहे. उर्दू माध्यमाच्या मुलाला आधीच संज्ञा उर्दूत शिकून पुढे इंग्रजीत जावे लागते. त्यातून मूल अंध असेल तर ब्रेल आले. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते आणि उर्दू ब्रेल डावीकडून उजवीकडे वाचतात, हे पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसते. बहिऱ्या मुलाची पहिली भाषा उर्दूही नाही आणि मराठीही नाही. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा कोश काढला, २०२१ पर्यंत तो दहा हजारांवर गेला. त्यातल्या दहा-वीस खुणा जरी वर्गाने शिकून घेतल्या तरी त्या मुलाला वर्गात बोलायला माणसे मिळतात.

दुसरा अडसर भीतीचा. काच फुटेल, आम्ल सांडेल, हात भाजेल. मुलगी असेल तर ही भीती दुप्पट होते. लुई ब्रेल तीन वर्षांचा असताना वडिलांच्या चामडी सामानाच्या कारखान्यात त्याच्या डोळ्यात हत्यार गेले, हे खरे. पण त्यानंतर त्याला हत्यारांपासून कायमचे दूर ठेवले असते तर टोच्याने कागदावर ठिपके उठवून लिहिण्याची लिपी त्याच्या हातून झाली असती का? १८२४ साली, पंधराव्या वर्षी त्याने ती तयार केली. धोका लपवून टळत नाही, शिकवून टळतो. जी मुलगी घरी चुलीवर भाकरी भाजते तिला मेणबत्तीपासून वाचवण्यात अर्थ नाही.

यापेक्षा अवघड प्रश्न असा : काही मुलांचे हात खरोखरच चालत नाहीत. तिथे दुसऱ्याने हात द्यावा लागतो. मग तो प्रयोग कोणाचा? आमच्या मते, पुढे काय करायचे हे जो ठरवतो त्याचा. ''अजून पाच मिली घाल, आता थांब, पुन्हा मोज,'' असे सांगणारा मुलगा प्रयोग करत असतो, त्याचा मित्र त्याचे हात असतो. मित्राने स्वतःच ठरवून करून टाकले तर तो प्रयोग मित्राचा झाला, मग मदत कितीही प्रेमाची असो. या ठिकाणी हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम (र.) यांची आठवण होते. ते अंध होते आणि मदिनेत अजान देत. रमजानमध्ये पहाटेचे खाणे त्यांच्या अजानीला थांबत असे. उजाडल्याचे त्यांना इतर लोक सांगत, मग ते अजान देत. डोळे दुसऱ्यांचे होते, अजान त्यांची होती. डोळस मदिना त्या आवाजावर रोजा सुरू करी. याच सहाबींच्या निमित्ताने सूरह अबस अवतरली. कुरैशच्या सरदारांशी चाललेल्या बोलण्यात एक अंध माणूस शिकायच्या ओढीने आला, त्याच्याकडे लक्ष दिले गेले नाही, आणि त्याबद्दल खुद्द पैगंबरांना (स.) अल्लाहकडून समज मिळाली. शिकवणाऱ्याने कोणाकडे आधी वळायचे, याचा याहून मोठा धडा उस्तादाला कुठे मिळणार?

आणि यात उपकार एकतर्फी नसतो. खीरत वर्माय हे १९४६ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेले जीवशास्त्रज्ञ तिसऱ्या वर्षापासून अंध आहेत. शिंपल्यांवरून बोटे फिरवताना त्यांनी तुटून पुन्हा भरून आलेल्या कडांचा अभ्यास केला आणि शिकारी प्राणी व कवचधारी जीव यांच्या कोट्यवधी वर्षांच्या झगड्यावर सिद्धान्त मांडला. रशियातला कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्स्की दहा वर्षांचा असताना तापाने जवळजवळ बहिरा झाला, शाळा सुटली. तो स्वतःच शिकला, लहान गावांत आमच्यासारखाच शाळामास्तर झाला, आणि १९०३ साली अग्निबाणाचे गणित त्याने प्रसिद्ध केले. प्रत्येक अपंग मूल शास्त्रज्ञ होणार नाही, तसे धडधाकट मूलही होत नाही. पण कोणाला वगळल्याने जगाचे काय राहून जाते, हे आधी कळत नाही.

शिक्षक म्हणतील, एका वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम संपत नाही, विशेष शिक्षक महिन्यातून एखाद्या दिवशी येतो. हे सगळे खरे आहे. त्यासाठी शासनाकडे मागणी करत राहिलेच पाहिजे, कारण हक्क कागदावर देऊन साधने न देणे म्हणजे हक्क न देणेच. मात्र बझर वीस-तीस रुपयांना मिळतो आणि सुतळी घरात असते. गोणपाट नसलेले शेतकऱ्याचे घर जालना जिल्ह्यात सापडणार नाही. जे आज होण्यासारखे आहे ते उद्याच्या अनुदानाची वाट पाहत का थांबावे?

'माजूर' शब्द आपल्या बोलीतून जाणार नाही, जायची गरजही नाही. त्याचा खरा अर्थ धरला तर पुरे. उभे राहणे माफ, नमाज नाही. लिटमसचा रंग पाहणे माफ, आम्ल ओळखणे नाही. पालकांना, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी शाळेत याल तेव्हा आपल्या मुलाची प्रयोगवही मागा, त्यातले एखादे निरीक्षण काढा आणि मुलाला विचारा, हे तू स्वतः पाहिलेस, ऐकलेस, हाताने चाचपलेस, की उतरवून घेतलेस? उतरवून घेतले असेल, तर त्याच दिवशी गुरुजींना भेटून विचारा की हा प्रयोग या मुलाला कसा करता येईल. 'येईल का' असे विचारू नका.